‘शेवटच्या ५ पेट्या’ : कासारवडवलीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

छोट्या धंद्यांनी ऑनलाइन जाहिरातीत खोटं लिहू नये, असं सांगणारा जो लेख मी लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचा राग समजण्यासारखा आहे आणि त्यातले काही मुद्दे बरोबरही आहेत. म्हणून नुसते आभार मानून मोकळी न होता सविस्तर लिहिते.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून उन्हाळ्यात हापूस विकता, दिवाळीत फराळ. माझा लेख वाचून यंदा तुम्ही साधा मेसेज टाकलात : ‘देवगड हापूस उपलब्ध. उत्तम दर्जा, योग्य दर. संपर्क करा.’ त्याच दिवशी शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या एकाने टाकलं : ‘अस्सल देवगड हापूस! १०० टक्के नॅचरल! फक्त आजचा दर! शेवटच्या ५ पेट्या!!’ त्याचा माल हातोहात उठला. तुमच्या पेट्या घरात पडून राहिल्या, काही फळं खराब झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पुन्हा ‘शेवटच्या ५ पेट्या’ होत्याच. तो माल कर्नाटकचा होता असा तुमचा संशय आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की प्रामाणिक मार्केटिंग हे महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्यांचे चोचले आहेत, आणि मी स्वतः तर गिऱ्हाइकाला भुलवणारं लिहिण्याचेच पैसे घेते.

आधी तुमच्या मेसेजबद्दल. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण सांगितलेलंही काही नव्हतं. ‘उत्तम दर्जा, योग्य दर’ हे वाशीच्या मार्केटमधला प्रत्येक गाळेवाला म्हणतो. सोसायटीच्या ग्रुपवर ते वाचणाऱ्या बाईला पेटी किती डझनाची, फळ कच्चं की पिकलेलं, घरी आणून देणार का, यातलं काहीच कळत नाही. ती विचारायचा कंटाळा करते आणि पुढे सरकते. दुसऱ्याचा मेसेज खोटा असेल, पण त्यात निदान आकडा होता, वेळ होती, काहीतरी घडतंय असं वाटत होतं. खरं लिहायचं म्हणजे मिळमिळीत लिहायचं, हा समज माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ प्रामाणिक माणसांचा असतो आणि त्यापायी त्यांचं फार नुकसान होतं. उत्साह, आकडे, आग्रह हे सगळं खोटं बोलणाऱ्यांसाठी सोडून द्यायचं आणि आपण ‘संपर्क करा’ म्हणून थांबायचं, हे मला बघवत नाही.

तुमच्याकडे तर अशी वस्तू आहे की तिला खोटी घाई लागतच नाही. मोबाइलचं कव्हर विकणाऱ्याला ‘फक्त आज’ असं रचून सांगावं लागतं. आंबा आज आहे आणि आठवड्याने नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अक्षय्य तृतीया कधी आहे ते तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्याआधी माहीत असतं. ही खरी घाई तुम्ही सांगितलीच नाहीत. तुमच्या प्रतिक्रियेतच तुम्ही लिहिलंय की माल ओळखीच्या बागेतला आहे, चौदा आणे (म्हणजे सोळापैकी चौदा भाग) तयार झाल्यावर झाडावरून उतरवतात, तुम्ही घरी पेंढ्यात अढी लावता, म्हणजे पेंढ्याच्या थरांत फळं पिकायला ठेवता. हे सगळं मला, एका अनोळखी बाईला, भांडताना सांगितलंत आणि गिऱ्हाइकाला सांगायचं राहिलं.

मी तुमच्या जागी असते तर असं काहीसं लिहिलं असतं :

‘काल अढी उघडली. देवगडच्या आमच्या ओळखीच्या बागेतला हापूस, २० पेट्या. चौदा आणे तयार असताना उतरवलेला, पेंढ्यात पिकवलेला. फळाने रंग धरलाय, दोन-तीन दिवसांत खायला येईल, त्यापुढे फार थांबणार नाही. पेटी ५ डझनाची, दर घरपोच धरून. साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या खेपेत देऊ. पुढची खेप आठ-दहा दिवसांनी.’

दर तुमचा तुम्ही घाला. साक्याचं वाक्य वाचून तुम्ही दचकाल, आपल्याच मालातली खोड आपणच का सांगायची म्हणून. पण साका बाहेरून दिसत नाही. वरून केशरी, घमघमाट सुटलेलं फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखं निघतं. झाडावर फळ जास्त तयार होऊ दिलं की साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणून तर बागायतदार चौदा आण्यांवर उतरवतात. हापूस खाणाऱ्या प्रत्येक घराने हा अनुभव घेतलाय आणि महागाची पेटी घेताना प्रत्येकाच्या मनात तीच धाकधूक असते. ती तुम्ही आधी बोलून दाखवलीत आणि जबाबदारी घेतलीत, की ‘उत्तम दर्जा’ हे दोन शब्द न लिहिताही पोचतात. ‘अस्सल’ लिहायला कुणालाच काही पडत नाही. साका निघाला तर फळ बदलून देऊ, हे मात्र ज्याला आपल्या मालाचा भरवसा आहे तोच लिहू शकतो.

‘२० पेट्या’ हेही बघा. मालाचा तुटवडा सांगणं अजिबात गैर नाही. २० असतील तर २० म्हणा, संध्याकाळी ६ उरल्या तर ६ म्हणा, संपल्या की ‘संपल्या’ असंही टाका. हा शेवटचा मेसेज कुणीच टाकत नाही, आणि पुढच्या खेपेला तुमच्या आकड्यावर विश्वास बसतो तो त्याच्यामुळे. ज्याच्याकडे रोज शेवटच्या ५ पेट्या असतात त्याच्याकडे खरोखरच ५ उरतील तेव्हा तो काय लिहिणार?

आता त्या दुसऱ्या मेसेजकडे येऊ. तुमचा संशय खरा आहे असं धरून चालते. कर्नाटकचा आंबा दिसायला हापूसच्या इतका जवळ असतो की दोन्ही शेजारी ठेवून साल, वास आणि चव पाहिल्याशिवाय बहुतेकांना फरक कळत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं, म्हणजे ते नाव ठरावीक प्रदेशातल्या मालापुरतंच राखलं गेलं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि आपला ठाणे जिल्हाही आहे. या जिल्ह्यांबाहेरच्या फळाला ‘देवगड हापूस’ म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. तुमचा बागायतदार मानांकनासाठी नोंदणी केलेला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि मेसेजमध्ये टाका. तो क्रमांक दुसरा कुठून आणणार?

आणि एक सुचवते, रागावू नका. मे महिन्यात तुम्हीही कर्नाटकचा आंबा ठेवा आणि ‘कर्नाटक’ असंच लिहून विका. आमरसाला चालतो, खिशाला परवडतो, घरात पाहुणे असले की लोक मुद्दाम तोच शोधतात. जो माणूस कर्नाटकला कर्नाटक म्हणतो त्याच्या ‘देवगड’ या शब्दाला किंमत येते.

‘१०० टक्के नॅचरल’चं काय करायचं? या शब्दांमागे लोकांची भीती आहे ती कॅल्शियम कार्बाइडची, बाजारात ज्याला ‘मसाला’ म्हणतात. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, आणि फळं पिकवायला ते वापरण्यावर आपल्याकडे बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र ठरावीक मर्यादेत, १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग), परवानगी आहे. म्हणजे रायपनिंग चेंबरमध्ये पिकवलेलं फळ विकणाराही गुन्हा करत नाही, फक्त त्याने ‘पेंढ्यातला’ म्हणू नये. तुम्ही खरंच पेंढ्यात पिकवता ना? मग टक्के कशाला हवेत? अढीचा, पेंढ्यासकटचा फोटो टाका, तुमच्याच घरातला, मागे तुमची भिंत दिसतेय असा. इंटरनेटवरून उचललेला आंब्याचा फोटो लगेच ओळखू येतो.

कायद्याबद्दल लिहिते, पण घाबरवण्यासाठी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसवणुकीच्या १३ युक्त्यांची यादी जाहीर केली. त्यात खोटी घाई आहे, गुपचूप बास्केटमध्ये टाकलेली वस्तू आहे, आणि शेवटच्या पायरीवर वाढवलेला दरही आहे. हे नियम प्लॅटफॉर्मइतकेच विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत. आता सोसायटीच्या ग्रुपवरच्या एका मेसेजसाठी दिल्लीहून कुणी कासारवडवलीला येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ‘मोठ्या कंपन्या वाट्टेल ते करतात आणि नीतिमत्तेचे धडे आम्हाला’ हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. मोठ्यांवर कारवाई व्हायला हवी तेवढी होत नाही. पण मोठ्या कंपनीला रोज नवीन माणूस मिळतो. चिडलेला जुना गिऱ्हाईक गेला तरी तिचं अडत नाही. तुमचं सगळं गिऱ्हाईक त्याच चार-पाच कॉम्प्लेक्समध्ये राहतं, एकाच लिफ्टने वर जातं, एकाच ग्रुपवर लिहितं. तिथे एका पेटीची तक्रार किती फिरते ते तुम्ही पाहिलं असेलच.

तरी मी असं म्हणणार नाही की खरं बोललं की धंदा चालतोच. या हंगामात तो माणूस तुमच्यापेक्षा जास्त कमावेल हे शक्य आहे. पुढच्याही. नाशवंत माल घरात पडला की पोटात कसा गोळा येतो ते मी घरगुती धंदे करणाऱ्या बायकांकडून ऐकत आले आहे, त्यामुळे ‘धीर धरा’ असं कोरडेपणाने सांगणं मला जमत नाही. म्हणूनच माझा आग्रह हा आहे : खोटं टाळलंत, छान, पण खऱ्यातलं एकही हत्यार म्यानात ठेवू नका.

रिव्ह्यूंबद्दल तुम्ही विचारलं होतं, की पाच स्टार दिल्यास सवलत द्यावी का. नको. सवलतीच्या बदल्यात घेतलेला रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाही, तो काढलाही जाऊ शकतो. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालावर अभिप्राय लिहिणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार चालत नाही. त्यापेक्षा पेटी पोचवल्यावर चार दिवसांनी प्रत्येकाला विचारा, ‘कसा निघाला?’ उत्तर काहीही आलं तरी ‘हेच गूगलवर लिहाल का’ म्हणा. फक्त खूश असलेल्यांनाच विचारू नका; वाईट म्हणाले तर तेही लिहू द्या आणि खाली नीट उत्तर द्या, ‘तीन फळं बदलून दिली’ असं.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट मात्र मला खटकली. तुम्ही सोसायटीच्या ग्रुपमधले सगळे नंबर उचलून स्वतःची लिस्ट केली आहे. हे थांबवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच संमती आहे, आणि दिलेली संमती काढून घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचा साधा ब्रॉडकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला मेसेज, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणजे त्या लिस्टचा फायदाही फारसा नाही. पेटीत एक चिठ्ठी ठेवा : ‘पुढच्या खेपेचा मेसेज हवा असेल तर हा नंबर सेव्ह करा आणि “हो” पाठवा. नको झालं की “नको” पाठवा.’ लिस्ट लहान राहील, पण ती तुमचा मेसेज उघडणाऱ्यांची असेल.

आता माझ्या पैशांबद्दल. हो, मी लिहिण्याचे पैसे घेते. वस्तू हवीशी वाटावी असं लिहिणं हे माझं काम आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. वकील अशिलाची बाजू मांडतो, पण पुरावा बनवत नाही, तेवढीच रेघ मीही पाळते. काम घेण्याआधी मी माल मागते : खाऊन बघते, वापरून बघते, कुठून येतो ते विचारते. मधुमेह कायमचा बरा करणाऱ्या चूर्णाची जाहिरात लिहून द्या म्हणून लोक येतात. ती मी लिहीत नाही. मधुमेहावर इलाजाचा असा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे, आणि तो कायदा नसता तरी लिहिली नसती, कारण ती वाचून कुणीतरी गोळ्या बंद करतो.

दिवाळीच्या फराळासाठी आतापासून एवढं करा : अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक मेसेजमध्ये लिहा, चकलीची भाजणी कशाकशाची ते लिहा, तेल कुठलं ते लिहा. ‘मोफत डिलिव्हरी’ लिहाल तर ती खरंच मोफत असू द्या, चार्ज दरात लपवू नका. आणि ‘अर्ध्या तासात घरपोच’ हे तर घोडबंदर रोडवर कुणीच लिहू नये. गायमुखला गाड्या अडकल्या की पुढचं कुणाच्या हातात नसतं. ‘संध्याकाळी ६ ते ९ च्या दरम्यान, निघताना फोन करू’ एवढं पुरतं.

फराळाचा मेसेज तयार झाला की इथेच खाली टाका, आपण सगळ्यांसमोर तो दुरुस्त करू. त्याचे पैसे नाहीत.