कान कुठे आहे?

बाराशेला ठरलेली रेकॉर्ड एका भिंगवाल्या गृहस्थांमुळे साडेचार हजारांवर गेली. तक्रार एवढीच आहे, पण ती अजून उतरत नाही. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन, दादरमधला एक हॉल, पितळी समया आणि बंद घड्याळांच्या मध्ये ठेवलेली, जॅझ पियानोवादक होरेस सिल्व्हरची ब्लू नोट कंपनीने काढलेली 'साँग फॉर माय फादर'. माझा हात खिशातल्या पाकिटावर होता, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"कान बघितलात का?"

गृहस्थ साठीचे. गळ्यात दोरीला बांधलेलं सोनाराचं भिंग. रेकॉर्ड माझ्या हातून त्यांच्या हातात कधी गेली ते मला कळलंही नाही. आधी त्यांनी कव्हर न्याहाळलं. त्यावर हॅट घातलेले, सिगार ओढणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत.

"या वयात काय वाजवतो हो हा!"

"ते वादक नाहीत. वादकाचे वडील आहेत."

"वडील वाजवायचे नाहीत?"

"घरी वाजवायचे. केप व्हर्डेची लोकगीतं."

"मग! तेच म्हणतोय मी."

मग तबकडी बाहेर निघाली. डॉक्टर एक्स-रे धरतात तशी ती ट्यूबलाइटसमोर धरली गेली, आणि अंगठा थेट खाचांवर. मी "कडेला धरा, कडेला," म्हणेपर्यंत निकाल लागला होता. "कान नाही."

"कसला कान?" विक्रेत्याने विचारलं. तोवर त्याला ती तबकडी आणि समई यांत फारसा फरक वाटत नव्हता.

"ब्लू नोटच्या ओरिजिनलवर कान असतो. कान असेल तर लाखाचा माल."

विक्रेता खुर्चीतून उठला. आता दोघं मिळून कान शोधायला लागले. मी सांगत होतो, की अहो, लेबलवर 'ए डिव्हिजन ऑफ लिबर्टी रेकॉर्ड्स' असं छापलंय, हिच्यावर कान असायचं कारणच नाही. ऐकतो कोण? भिंग लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर फिरत होतं, ते एका जागी थांबलं.

"व्हॅन गेल्डर. सही आहे दादा, सही!"

"सही नाही हो. ध्वनिमुद्रकाच्या नावाचा ठसा आहे. प्रत्येक प्रतीवर असतो."

"प्रत्येक प्रतीवर सही करायचा? केवढा मोठा माणूस!"

साडेचार हजार तिथे झाले. गृहस्थांना स्वतःला काहीच घ्यायचं नव्हतं. ते शांतपणे पुढच्या टेबलाकडे गेले आणि दमदमच्या कारखान्यात निघालेल्या मुकेशच्या एलपीवर कान शोधायला लागले. मी घासाघीस करून तीन हजाराला रेकॉर्ड उचलली. वरचे अठराशे कानाचे.

आता हा कान म्हणजे काय? ब्लू नोटच्या तबकड्या न्यू जर्सीतल्या प्लॅस्टिलाइट नावाच्या कारखान्यात दाबल्या जायच्या. तो कारखाना आपल्या साच्यावर वळणदार पी कोरायचा आणि तो पी कानासारखा दिसतो. 1965-66च्या सुमारास लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतली, छपाई दुसरीकडे गेली आणि कान संपला. व्हॅन गेल्डरचा ठसा मात्र राहिला, कारण तो साच्याच्या आधी, मूळ लॅकरवरच, म्हणजे जिच्यावर पहिली खाच कापतात त्या चकतीवरच, उमटवलेला असतो. लेथवर, म्हणजे खाच कापायच्या यंत्रावर, लॅकर कापायचं, त्यावर चांदीचा थर आणि निकेल चढवून उलटा साचा काढायचा, त्यावरून सुलटा, त्यावरून दाबायचे उलटे स्टॅम्पर. लॅकरवर जे आहे ते या सगळ्या पिढ्यांतून खाली उतरतं. कान हा फक्त कारखान्याचा शिक्का आहे. म्हणजे लिबर्टीच्या लेबलखाली व्हॅन गेल्डरचा ठसा दिसला, की तबकडी त्याच्याच हातच्या कापणीची असते आणि कानवालीच्या किमतीच्या थोड्याशाच भागात मिळते. अशीच प्रत हवी होती, म्हणून तर पाकिटाला हात घातला होता! आणि रूडी व्हॅन गेल्डर 1959पर्यंत चष्म्याचे नंबर काढण्याचा व्यवसाय करत होता. हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात तो रेकॉर्डिंग करायचा. त्याचं नाव वाचायला लोक भिंग लावतात याची त्याला गंमत वाटली असती. मला वाटत नाही.

त्या पट्ट्यावर बघण्यासारखं काही नसतं असं नाही. फेब्रुवारी 1932मध्ये व्हिक्टर कंपनीने ड्यूक एलिंग्टनच्या बँडकडून काही गाण्यांच्या मालिका वाजवून घेतल्या. पुढे संग्राहकांच्या ध्यानात आलं, की एकाच मालिकेच्या दोन प्रतींवर मॅट्रिक्स नंबराचं, म्हणजे त्या पट्ट्यावर कोरलेल्या क्रमांकाचं, शेपूट वेगळं आहे, वादन मात्र श्वासाश्वासाला तेच. दोन मायक्रोफोन दोन वेगळ्या लेथना जोडून एकाच वेळी दोन तबकड्या कापल्या होत्या. त्या एकमेकींशी जुळवून दोन स्पीकरवर सोडल्या तेव्हा 1932चा बँड स्टीरिओत वाजायला लागला. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. असं काही सापडणार असेल तर खुशाल भिंग लावा.

पुनर्प्रकाशनांचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या नव्याने छापलेल्या प्रतींचा, तर वेगळाच राग आहे. कव्हरवर गोल स्टिकर असतो, '180 ग्रॅम'. वजन पाहून भाजी घ्यावी. साधी एलपी साधारण 120 ते 140 ग्रॅमची असते आणि वरच्या चाळीस ग्रॅमने सूर सुधारत नाही. विचारायचं ते असं, की कापताना कुठली टेप वापरली, ती मूळ की प्रतीची प्रत, मध्ये डिजिटल टप्पा आहे का, लेथवर कोण बसलं होतं. स्टिकर यातलं एकही सांगत नाही. 2022मध्ये उघड झालं, की निव्वळ अ‍ॅनालॉगच्या नावलौकिकावर विकल्या जाणाऱ्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या अनेक महागड्या तबकड्यांमागे डिजिटल टप्पा होता. तोवर हजारो चोखंदळ कानांना तो ऐकू आलेला नव्हता, हे त्यातलं जास्त मजेदार. युरोपात 1962पर्यंतच्या रेकॉर्डिंगवरचे हक्क संपलेले आहेत, त्यामुळे तिथून कुणीही काहीही छापतं, पुष्कळदा सीडीवरूनच. ओळखायची खूण म्हणजे मूळ टेपचा उल्लेख नाही आणि 'बोनस ट्रॅक' भरपूर. एका बाजूला वीस मिनिटांच्या आत संगीत असेल तर खाच ऐसपैस कापता येते. सत्तावीस मिनिटं कोंबली की खाचा दाटीवाटीने बसवाव्या लागतात, म्हणून आवाजाची पातळी उतरवतात, आणि लेबलाजवळ पोहोचेपर्यंत ट्रम्पेट चिरकायला लागतो. फुकट मिळालेली दोन गाणी पैसे देऊन घेतलेल्या पाच गाण्यांचा गळा धरतात.

कधीकधी मात्र पुनर्प्रकाशनच खरं असतं, हेही कानवाल्यांना पटत नाही. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या ध्वनिमुद्रणाचं पहिलं सत्र 2 मार्च 1959ला झालं. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. बरोबर वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी थोड्या चढ्या सुरात येतात. शेजारी जोडीचं दुसरं मशीन नीट चालत होतं, पण त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती यायला 1992 उजाडलं. म्हणजे 1959ची 'ओरिजिनल' प्रत सोन्याच्या भावाने घ्या आणि बेसूर ऐका. तिच्या सुरुवातीच्या लेबलांवर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावंसुद्धा उलटसुलट छापली होती. किंमत त्या चुकीचीच.

वेगाचा विषय निघालाच आहे म्हणून न्यू जर्सीहून सामानातून टर्नटेबल आणणाऱ्या आपल्या मंडळींना दोन शब्द. जुन्या टर्नटेबलची एसी सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी मोटर, तिकडच्या 60 हर्ट्झवर चालायला बनवलेली असते, इकडे वीज 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 110 करतो, हर्ट्झला हात लावत नाही. मग 33⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला 27.8 फेऱ्या घेते. सिल्व्हरची पांढरी चारमधली धून पांढरी दोनच्याही जरा खाली उतरते. उपाय म्हणजे मोटरवर एक पूर्णांक दोन दशांश पट व्यासाची पुली. बाजारात मिळाली नाही तर लेथवाल्याकडून पितळेची काढून घ्यायची. मापात मात्र कंजुषी नको. दहा मिलिमीटर व्यासात एक दशांश मिलिमीटर चुकला की वेग एक टक्का हलतो. तपासायला टर्नटेबलवर स्ट्रोब चकती, म्हणजे रेघांच्या ओळी छापलेली चकती, ठेवा. आपल्याकडे 180 रेघांची ओळ स्थिर दिसली पाहिजे, 216 रेघांची ओळ अमेरिकेची. वर साधा बल्ब लावा, बरेचसे एलईडी लुकलुकत नाहीत. अडॅप्टरवर 'डीसी' लिहिलेलं असेल तर यातलं काहीच करायला नको.

हे सगळं तोंडपाठ सांगूनही ज्यांच्या घरी तो 27.8वाला डबा फिरत असतो ते ऐकून घेतात, चहा पुढे करतात आणि विचारतात, "पण जॅझ असाच संथ असतो ना?"