‘मॅनेजर नकोत, डॉक्टर द्या’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

हा मजकूर तुमच्यापर्यंतही पोचला असेल. डॉक्टरांच्या, निवृत्त अधिकाऱ्यांच्या, शिक्षकांच्या, अगदी सोसायटीच्या ग्रुपवरही तो फिरतो आहे. मथितार्थ असा : तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना ‘सुशासन आणि नेतृत्व’ शिकवण्यावर सरकार पैसे उधळतंय, तेवढ्यात डॉक्टर भरले असते. त्याखाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलेलं नाही, म्हणून उत्तर लिहितो आहे. अशा प्रशिक्षणांत मी अधूनमधून शिकवायला जातो हे आधीच सांगून टाकतो. मानधनात पेट्रोल सुटतं, जेवण सुटत नाही. तेव्हा हितसंबंध आहे, पण फार मोठा नाही.

‘डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, तिथे मॅनेजर काय दिवे लावणार?’

पाचांतला हा सगळ्यांत पटण्यासारखा मुद्दा. पदं रिकामी आहेत आणि ती भरलीच पाहिजेत, यावर वाद नाही. पण औषध नाही म्हणजे नेमकं कुठे नाही? कंपनीकडे, राज्याच्या खरेदीत, जिल्ह्याच्या भांडारात, की फक्त त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात? प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं आणि त्यावर सही करणारा माणूसही वेगळा.

सर्पदंशावरच्या इंजेक्शनचंच घ्या. पुष्कळ केंद्रांची वार्षिक मागणी ‘मागच्या वर्षीची अधिक दहा टक्के’ अशी ठरते आणि बाराने भागून महिन्याला उचलली जाते. समजा एका केंद्राची मागणी वर्षाला १२० व्हायल (इंजेक्शनच्या कुप्या) आहे, म्हणजे महिन्याला १०. साप काही बाराने भागून चावत नाहीत. पेरणी-लावणी सुरू झाली की रुग्ण वाढतात, आणि विषबाधेची लक्षणं असलेल्या एकाच रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल द्याव्या लागतात. जुलैतल्या पहिल्या रुग्णाबरोबर महिन्याचा कोटा संपला. दुसऱ्याला रुग्णवाहिकेत घालून पुढे पाठवायचं, आणि वाटेत काय होईल ते त्याचं नशीब. फेब्रुवारीत मात्र त्याच कपाटात मुदत संपत आलेल्या व्हायल पडून असतात आणि त्या निर्लेखित कशा करायच्या, म्हणजे नोंदीतून कशा काढायच्या, याचा पत्रव्यवहार चालू असतो.

प्रशिक्षणात आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्याला स्वतःच्या केंद्राची साठा नोंदवही घेऊन यायला सांगतो. महिन्यावार खप मांडायला लावतो. मग प्रश्न निघतात. शेजारच्या केंद्रात पडून असलेला साठा कोणाच्या सहीने हलवायचा? केंद्राचा स्थानिक निधी सांभाळणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी कुठवर करता येते? ई-औषधी या साठ्याच्या सरकारी संगणकप्रणालीवरचा आकडा आणि कपाटातला आकडा जुळत का नाही? (हा प्रश्न आला की वर्गात पहिल्यांदा हशा पिकतो, मग शांतता पसरते.) फिरत्या मजकुरात ज्याला ‘गव्हर्नन्सची पोपटपंची’ म्हटलंय, ती ही.

आपल्यापेक्षा गरीब देशातलं उदाहरण हवं असेल तर टांझानियाकडे बघा. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने आणि कॅनडाच्या आयडीआरसी या विकास संशोधन संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुफिजी आणि मोरोगोरो या दोन ग्रामीण जिल्ह्यांत एक प्रयोग केला. घरोघरी फिरून लोक कशाने मरतात याची नोंद घेतली आणि जिल्ह्याचं अंदाजपत्रक तिच्या शेजारी ठेवलं. अकाली मृत्यूंमुळे वाया जाणाऱ्या आयुष्यात मलेरियाचा वाटा ३० टक्के होता, खर्चात ५ टक्के. क्षयरोगाचा वाटा ४ टक्क्यांहून कमी होता आणि त्यावर २२ टक्के खर्च होत होता. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. वरून येणाऱ्या योजनांचे पैसे ज्या खात्यात पडायचे, तिथेच ते खर्च व्हायचे.

जिल्ह्याच्या आरोग्य पथकांना हे तक्ते वाचायला आणि त्यावरून वर्षाचा आराखडा करायला शिकवलं. देखरेखीची घडीही बदलली : प्रत्येक लहान दवाखान्याला जिल्ह्याहून गाडी पाठवण्याऐवजी मधल्या आरोग्य केंद्राच्या प्रमुखाकडे जबाबदारी दिली आणि संपर्कासाठी रेडिओ संच. जादा पैसे माणशी २ डॉलरपर्यंत देऊ केले होते. जिल्ह्यांना खर्च करता आले ते ८० सेंटच्या आसपास. त्यानंतरच्या पाचेक वर्षांत तिथले बालमृत्यू ४० टक्क्यांहून अधिक घटले. सगळं श्रेय प्रशिक्षणाचं नाही. आजारी मुलांवर एकत्रित उपचार करण्याची पद्धत त्याच काळात आली, मच्छरदाण्याही आल्या. पण त्या आणायला आणि पोचवायला पैसा कुठून कुठे वळवायचा, हे त्या पथकांनी ठरवलं होतं.

‘नेतृत्व शिकवून येत नाही, ते रक्तात असावं लागतं.’

रक्तात हिमोग्लोबिन असतं. इतिवृत्त कसं लिहावं, बैठकीत गप्प बसलेल्या एएनएमला (उपकेंद्राच्या परिचारिकेला) कसं बोलतं करावं, निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने संपवण्यापेक्षा जूनमध्येच त्याचं नियोजन कसं करावं, या शिकायच्याच गोष्टी आहेत. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत त्या कोणी शिकवत नाही. ज्या दिवशी डॉक्टर तालुका आरोग्य अधिकारी होतो, त्या दिवसापासून मात्र त्याचा बहुतेक वेळ यातच जातो.

‘कलेक्टर आहेत, सीईओ आहेत. डॉक्टरने डॉक्टरकी करावी.’

(सीईओ म्हणजे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी.) याला मुंबईचा दाखला हमखास दिला जातो आणि तो दाखला चांगला आहे. २०२० च्या कोविड लाटेत महापालिकेने चाचण्यांचे अहवाल २४ वॉर्डांच्या वॉररूमकडे वळवले, आणि खाट कोणाला द्यायची हे तिथे ठरू लागलं. आयुक्त आयएएस होते हे खरं. पण त्या वॉररूममध्ये रात्री दोनला फोन उचलून ‘यांना ऑक्सिजनची खाट, यांना घरीच’ हे ठरवणारे डॉक्टरच होते. आणि ती महापालिका होती. पैसा, माणसं, रुग्णालयं एका छताखाली.

जिल्ह्यात चित्र वेगळं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे थेट राज्याकडे. बाळंतपणात अडलेली बाई केंद्रातून पंधरा किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात गेली की ती एका यंत्रणेतून दुसरीत जाते. तालुका आरोग्य अधिकारी त्या रुग्णालयाच्या अधीक्षकाला आदेश देऊ शकत नाही. त्याला विनंती करावी लागते, किंवा आधीपासून संबंध जोडून ठेवावे लागतात. दोघांचा सामाईक वरिष्ठ शोधायचा तर निदान उपसंचालकांपर्यंत जावं लागतं.

भंडाऱ्याची आग आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात १० बाळं गेली. नंतरची कारवाई जिल्हा शल्य चिकित्सकांपासून कंत्राटी परिचारिकांपर्यंत झाली. अशा कुठल्याही सरकारी रुग्णालयाची इमारत सार्वजनिक बांधकाम विभाग बघतो, वीज त्याच विभागाची वेगळी शाखा, अग्निशमन दल नगरपालिकेचं, निधीची मंजुरी मुंबईतून. एवढ्या टेबलांवर विखुरलेल्या कामाचा पाठपुरावा नेमका कसा करायचा, कोणत्या तारखेनंतर कोणाला लेखी कळवायचं, मंजुरी येईपर्यंत निदान काय बंद ठेवायचं, हे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला कुणी आणि कधी शिकवलं होतं? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात पुन्हा आग लागली आणि रुग्ण गेले. कलेक्टर दोन्हीकडे होते.

शिवाय कलेक्टर, सीईओ येतात आणि जातात. तमिळनाडूने हे फार आधी ओळखलं. तिथे सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र संचालनालय आहे, त्याचं स्वतःचं अंदाजपत्रक आहे, आणि जिल्ह्याचा आरोग्य प्रमुख व्हायचं तर डॉक्टरला सार्वजनिक आरोग्याची पदविका किंवा पदवी घ्यावी लागते. मद्रासचा सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९ चा. २००४ च्या त्सुनामीनंतर निर्वासित छावण्यांतून मोठी साथ पसरली नाही, त्यात या घडीचा मोठा वाटा होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सगळ्या राज्यांना असं सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन केडर (प्रशिक्षित अधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्ग) उभं करायला सांगितलं. महाराष्ट्राच्या संदर्भात मला या मजकुरापेक्षा याची चर्चा फिरलेली आवडली असती.

‘खासगी हॉस्पिटलांतले एमबीए आणा, महिन्यात सरळ करतील.’

एमबीए आले तर स्वागतच आहे. इथिओपियाने २००६ पासून सरकारी रुग्णालयांत व्यवस्थापक नेमायला सुरुवात केली. पण त्यासाठी खासगीतून माणसं उचलून आणली नाहीत. २००८ मध्ये जिम्मा विद्यापीठात येल विद्यापीठाच्या मदतीने खास अभ्यासक्रम काढला आणि विद्यार्थी आपापल्या रुग्णालयात काम करत करत तो शिकले.

कारण खासगी रुग्णालय दारात आलेल्याचा हिशेब ठेवतं. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला जो आलाच नाही त्याचा हिशेब द्यावा लागतो : पाड्यावरची जी गरोदर बाई नोंदवलीच गेली नाही, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं जे मूल दोन लसींना मुकलं. त्याला आमसभेत उत्तर द्यावं लागतं, पंचायत समितीत द्यावं लागतं. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि तिच्यात जनसुनावण्या होऊ लागल्या. मांडवाखाली गावकरी माइक हातात घेऊन विचारतात, ‘औषध बाहेरून आणायची चिठ्ठी का दिली?’ पहिल्यांदा गेलेला अधिकारी बहुधा बचावात बोलतो आणि लोक आणखी चिडतात. ज्याने हे आधी वर्गात करून बघितलंय तो निदान म्हणतो, ‘ही चिठ्ठी मला द्या, पंधरा दिवसांत लेखी उत्तर देतो.’ कॉर्पोरेटमध्ये याचा अनुभव मिळण्याची सोय नाही.

‘आजवर एवढी प्रशिक्षणं झाली, फरक काय पडला?’

इथे मजकूर लिहिणाऱ्याचं बरंचसं बरोबर आहे, आणि दुर्दैवाने हाच मुद्दा त्याने एका ओळीत उरकलाय.

बहुतेक प्रशिक्षणं खरोखरच वाया जातात. आदेश आदल्या दिवशी येतो. ज्याला पाठवायचं त्याऐवजी जो रिकामा आहे तो येतो. पहिला दिवस उद्घाटन आणि परिचयात जातो, दुसऱ्या दिवशी कोणीतरी परदेशी पुस्तकातली नेतृत्वाची सात की आठ वैशिष्ट्यं पडद्यावर वाचून दाखवतो, तिसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्रं. मधे व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लागली म्हणून निम्मे लोक बाहेर मोबाइलवर. एक वैद्यकीय अधिकारी मला म्हणाले होते, ‘सर, तुम्ही सांगता ते पटतं, पण माझ्या फार्मासिस्टला कोण सांगणार?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण फार्मासिस्टला बोलावलंच नव्हतं. वर महिन्या-दोन महिन्यांत बदली.

पण वाईट रीतीने दिलेलं प्रशिक्षण निरुपयोगी ठरलं, यावरून प्रशिक्षणच निरुपयोगी हे निघत नाही. केनियात नेतृत्व विकासाचा एक कार्यक्रम झाला, त्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे व्यक्तीला न बोलावता अख्ख्या चमूला बोलावलं. प्रत्येक चमूने आपल्याच भागातलं एक मोजता येणारं उद्दिष्ट निवडलं. सहा महिने थोडं शिकायचं, परत जाऊन करायचं, पुन्हा येऊन दाखवायचं. प्रशिक्षण न मिळालेल्या जिल्ह्यांशी तुलना केली तेव्हा या जिल्ह्यांत सेवा घेणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलेलं दिसलं.

आपल्याकडे पैसाही अगदीच नाही असं नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हाच्या मूळ नियमांनुसार प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला १ लाख रुपये रुग्ण कल्याण समितीसाठी, २५ हजार मुक्त निधी (गरजेप्रमाणे खर्चायचा) आणि ५० हजार देखभालीसाठी ठरले. गावाच्या समितीला १० हजार. पुढे रकमांची मांडणी बदलली, पण स्थानिक पातळीवर ठरवून खर्च करायचा पैसा ही कल्पना टिकून आहे. कितीतरी केंद्रांत या समितीची बैठक कागदावरच होते. इतिवृत्ताची वही सदस्यांच्या घरी फिरते, सह्या होतात, आणि पैसे रंगरंगोटीत, पडद्यांत, फलकांत जातात. सगळे बेइमान असतात म्हणून नव्हे. लेखापरीक्षणात पडद्याचं बिल निमूट पास होतं. रात्रपाळीच्या परिचारिकेसाठी इन्व्हर्टर घेतला तर शेरा येईल ही भीती असते. शेरा आला तर उत्तर कसं द्यायचं, हे माहीत असलेला वैद्यकीय अधिकारी इन्व्हर्टर घेतो.

त्यामुळे पुढच्या वेळी हा मजकूर आला तर पाठवणाऱ्याला जिल्ह्याच्या प्रशिक्षणाचा आदेशच मागा. तीन गोष्टी बघा. वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर फार्मासिस्ट, लेखापाल आणि आरोग्य सहायिकेला बोलावलंय का. सहा महिन्यांनी कोणते आकडे तपासणार आणि कोण, हे लिहिलंय का. आणि तोवर या लोकांची बदली होणार नाही, अशी ओळ आहे का. तिन्ही नसतील तर तो खर्च उधळपट्टीच आहे, आणि तसं लेखी कळवायला मीही तुमच्याबरोबर सही करीन.