मधुमेह आणि थंडीतले मोजे: दोन जोड घालण्याचा सल्ला चुकीचा

‘मधुमेह असेल तर थंडीत जाड सुती मोज्यांचे दोन जोड घाला, रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवा,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो पाळू नका. पिशवी तर थेट धोक्याची.

मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसलेला कळतच नाही. फोड दिसतो तो सकाळी. रात्री सैल, कोरडे मोजे पुरेत.

सुती मोजा घाम शोषतो, पण धरून ठेवतो. ओली त्वचा मऊ पडून सोलवटते आणि पाय उलट गार होतो. त्यापेक्षा मेरिनो मेंढीची मऊ लोकर किंवा लोकर-नायलॉनचं मिश्रण घ्या. दोन जोडांमुळे बूट आवळतो, बोटांवर दाब येतो. म्हणून मोजे बुटासकट घालून बघा, बोटं मोकळी हलली पाहिजेत. मोजा उलटा करून बोटांपाशी शिवण चाचपा. टोचरी किंवा जाड लागली तर तो जोड नको. काढल्यावर पायावर खोल वळ राहिला, तर इलॅस्टिक घट्ट आहे. रंग फिका बरा, रक्त किंवा पू लागला तर लगेच दिसतो.

कॉम्प्रेशनचे, म्हणजे पाय मुद्दाम आवळून धरणारे मोजे मात्र उबेसाठी नसतात. पायाचा रक्तपुरवठा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते घालू नयेत.