पाटोडी रस्सा आधीच आहे ना!

वनस्पतीजन्य मांस (म्हणजे वनस्पतींपासून बनवलेलं नकली मांस) आणि दुधाला भारतात मोठी बाजारपेठ मिळेल, असं एका लेखात वाचलं. मांसाचं मला तरी पटत नाही. आमच्या नागपुरात मटण न खाणारा माणूस सावजीत, म्हणजे झणझणीत रश्श्याच्या खानावळीत, जाऊन पाटोडी रस्सा मागवतो. पाटोडी बेसनाची, पण तर्री तीच, घाम तोच! मटण असल्याचा आव नाही अन् खिशालाही परवडतं. मटण खाणारा नकली मटणाकडे ढुंकूनही पाहणार नाही. मग घेणार कोण? अमेरिकेत असं नकली मांस बनवणाऱ्या बियाँड मीट कंपनीचा शेअर 2019 मध्ये 25 डॉलरला बाजारात आला, काही महिन्यांत 200 च्या वर गेला आणि पुढे पार कोसळला.

दुधाचं वेगळं. दूध न पचणारे पुष्कळ आहेत, माझी आई त्यातलीच. सप्टेंबर 2025 पासून सोया दुधावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तरी ओट्सचं दूध अजून साध्या दुधाच्या कितीतरी पट महाग. बदामाचं दूध उकळत्या चहात फाटलं, ते वेगळंच. चहाच नीट होत नसेल तर आमच्याकडे ते खपणार कसं? आणि सोयाबीन तर विदर्भातच पिकतं राजेहो, शेतकरी हमीभावासाठी रडतो. त्याचं दूध इथंच काढून स्वस्तात विकलं, तर मी रोज घेईन.