चौसष्ट गुणांची पत्रिका

ग्रंथालयाने मला अडीच युरोंचा दंड केला आणि ती बातमी एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून पाठवली. तिसऱ्या कोणाच्या नजरेला ती पडू नये, अशी चोख व्यवस्था. तिसरा राहू द्या, मलाच ती वाचता येईना. माझं मेल वाचायचं सॉफ्टवेअर, थंडरबर्ड, म्हणे, मेल तुमच्याच प्रमाणपत्राने बंद केलाय, पण त्याची खाजगी किल्ली काही मला सापडत नाही. मजकुराच्या जागी पी-सेव्हन-एम नावाची एक मख्ख फाईल.

विषयाची ओळ मात्र सताड उघडी. एस-माईममध्ये, म्हणजे मेल कुलूपबंद करायच्या या पद्धतीत, ती सहसा बंद होत नाही. तिथे लिहिलं होतं: 'दंड, २.५० युरो, दुसरी आठवण'. अब्रू वेशीवर टांगून झाली होती, पाकीट तेवढं सीलबंद.

इथे जर्मनीत बरीच विद्यापीठं विद्यार्थ्यांना ईमेलसाठी असं प्रमाणपत्र देतात. त्याच्या किल्ल्या दोन: सगळ्यांना दिसणारी मेल बंद करते, आपल्याकडची खाजगी तो उघडते. माझ्या बाबतीत झालं असं, की पोर्टलने प्रमाणपत्र तयार केलं, सगळ्यांना दिसेल अशा यादीत टाकलं आणि किल्लीची फाईल उतरवायच्या पानावर मान टाकली. ती फाईल एकदाच मिळते. मग मी रीतसर दुसरं प्रमाणपत्र घेतलं, ते लॅपटॉपवर व्यवस्थित बसलं, पण यादीत अजून पहिलंच. त्यामुळे अख्खं विद्यापीठ मला ज्या किल्लीने मेल बंद करून पाठवत होतं, तिची जोडीदार किल्ली पृथ्वीतलावर कोणाकडेच नव्हती. मी तक्रार केली. मदतकक्षाने तत्परतेने उत्तर पाठवलं. एन्क्रिप्ट करून.

शेवटी टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, काढून कॉम्प्युटर सेंटरच्या खिडकीशी गेलो. खिडकीत माझ्याच वयाचा, तासांवर पगार घेणारा एक विद्यार्थी. आणि माझ्या मागे आजोबा.

जर्मन विद्यापीठांत निवृत्त मंडळी हौसेने वर्गात येऊन बसतात, त्यांतले हे. बगलेत जाडजूड फाईल, चष्मा दोरीला. त्यांचं काम प्रिंटरच्या कार्डात पैसे भरण्याचं होतं. पण माझी हकीकत कानावर पडताच ते पुढे सरसावले.

"दोन्ही प्रमाणपत्रांचे फिंगरप्रिंट, म्हणजे ओळख पटवणारे आकडे-अक्षरांचे ठसे, ताडून पाहिलेत?"

"ती वेगळीच आहेत, हे आम्हाला माहीत आहे," खिडकीतला मुलगा म्हणाला.

"माहीत असणं वेगळं आणि ताडणं वेगळं. तरुण माणसा, वाचा."

मी आपला छोटा, चाळीस अक्षरांचा, एस-एच-ए-वन या जुन्या पद्धतीचा ठसा वाचायला घेतला. "तो नको! तो २०१७ सालीच फोडलाय," आजोबा गरजले. मग मोठा, चौसष्ट अक्षरी. दोन-दोनच्या जोड्या, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. मी वाचायचं, मुलाने पडद्यावर पाहायचं, आजोबांनी फाईलच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने टिपायचं.

पहिलंच अक्षर मी म्हणालो 'ए'. इंग्रजी ए. जर्मन उच्चारात 'ए' म्हणजे इंग्रजी ई हे अक्षर, आणि इंग्रजी ए हवा असेल तर म्हणायचं 'आ'. यादीतल्या प्रमाणपत्राचं पहिलं अक्षर नेमकं ई. "जुळलं!" आजोबा म्हणाले.

"नाही जुळलं, माझा ए आहे."

"तेच लिहिलंय मी, ए."

"आँटोनचा म्हणा," असं त्यांनी शिकवलं. आँटोन, बेर्टा, सेझार. अननसातल्या अ-सारखी ही त्यांची पिढीजात उजळणी. त्यावर खिडकीतला मुलगा म्हणाला, की २०२२ पासून नवं मानक आहे, त्यात शहरांची नावं घ्यायची: आखेन, बर्लिन, केम्निट्झ. आजोबांनी चष्मा काढला. पुढची काही मिनिटं आँटोन विरुद्ध आखेन असा सामना रंगला. मी लॅपटॉप उघडा धरून उभा. मागची रांग दारापर्यंत गेलेली. मधेच आजोबांनी एक जोडी 'सात-आणि-चाळीस' अशी उच्चारली आणि मी ७४ समजलो. खरं तर सत्तेचाळीस म्हणणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये, पण मी जर्मन शिकलो इंग्रजीतून. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर मनसोक्त हसलो होतो. त्या खिडकीशी मला बालभारतीचं म्हणणं एकदम पटलं.

दुसरी जोडी जुळेना, तिसरीही नाही. "आता थांबू या का?" मी विचारलं.

"एक जोडी जुळली नाही म्हणून पुढच्या जुळणारच नाहीत, असं थोडंच आहे?"

लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा छत्तीसच गुण पाहतात हो. आम्ही चौसष्ट पाहिले. निकाल: प्रमाणपत्रं वेगळी आहेत. आजोबांनी खाली तारीख घातली, सही केली आणि माझीही घेतली.

१९९९ साली अमेरिकेत दोघा संशोधकांनी बारा जणांना ईमेल एन्क्रिप्ट करायला बसवलं होतं. दीड तासात जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते नीट जमलं, आणि तिघांनी तर गुपितच उघड्या मेलने पाठवून दिलं. म्हणजे पंचवीसेक वर्षं होऊन गेली. एवढ्यात हे सोपं करायला कोणाला फुरसत झाली नाही, आणि रांगेत उभं राहायचं आम्ही.

मुलाने यादीतलं भुताचं प्रमाणपत्र काढलं, माझं चढवलं. ग्रंथालयाने मेल पुन्हा पाठवला आणि तो उघडला. आत एकच ओळ: 'तपशिलासाठी विषय पाहावा.'

त्याच आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचा मेल आला, साधा, बिनसहीचा. पासपोर्ट, विमा आणि बँकेचे तीन महिन्यांचे हिशेब ताबडतोब पाठवावेत. आता हात बसलाच होता, तर मी सगळं एन्क्रिप्ट करून पाठवायची परवानगी मागितली. उत्तर आलं: 'असे मेल आमच्याकडे उघडत नाहीत. कृपया साधी पीडीएफ पाठवावी, फोटो स्पष्ट दिसावा.' त्या उत्तराच्या विषयात माझं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि विद्यार्थी क्रमांक होता.