सापासाठी बंदूक घ्या म्हणणारा तो मेसेज कृपा करून पुढं ढकलू नका

परवा रात्री साडेनऊला मामांचा फोन. मामा कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यात असतात, दोन एकर ऊस, थोडं भात, परड्यात गोठा आणि गोठ्याच्या मागनं ओढा. म्हणाले, "पोरी, एअरगन कुठली चांगली असत्या गं? लायसन लागत न्हाई म्हणं. गोठ्यात परत लांबडं निघालंय." कुणी सांगितलं विचारलं तर म्हणे ग्रुपवर आलंय, आणि दोन मिनिटात तो मेसेज मला पाठवला. तोच मेसेज त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि माझ्या नवऱ्याच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर पण येऊन गेलेला. तेव्हा मी सोडून दिलं, पण आता ते माझ्या मामांच्या गोठ्यापर्यंत पोचलंय, म्हणून लिहिते.

मी एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस आला की त्याचं रक्त पहिल्यांदा माझ्याच हातात येतं.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात. शेतात राहणाऱ्यानं सापासाठी बंदूक ठेवायलाच पाहिजे. एअरगनला परवाना लागत नाही, डोक्यावर एक गोळी घातली की काम झालं. जास्त खात्री पाहिजे तर बारा बोअर किंवा ४१० बोअरची छर्‍याची बंदूक, बारीक छर्‍याचं काडतूस, दहा-पंधरा फुटांवरून. परवाना 'पीक संरक्षण' म्हणून पंधरा दिवसात मिळतो. साप मारणं आत्मसंरक्षण आहे, गुन्हा नाही. साप चावलाच तर आधी त्याला मारून दवाखान्यात न्या, नाहीतर डॉक्टरला कुठलं इंजेक्शन द्यायचं कळत नाही. एकाला मारलं तर जोडीदार येतो, म्हणून दुसऱ्यालाही शोधा. आणि शेवटी, शेपटीचा खुळखुळा ऐकू आला की जागेवर थांबा आणि नेम धरा.

खुळखुळा! आजरा-चंदगडपासून शिरोळपर्यंत अख्खा कोल्हापूर जिल्हा फिरा, शेपटी वाजवणारा साप तुम्हाला मिळणार नाही, कारण तो अमेरिकेत असतो. म्हणजे कुणीतरी तिकडचं काहीतरी उचललं, मराठीत घातलं, वर 'शेतकरी बांधवांनो' लिहिलं आणि सोडून दिलं, खुळखुळासुद्धा काढायचं भान ठेवलं नाही. तिकडं सात-आठ हजार माणसांना वर्षाला विषारी साप चावतात आणि त्यातली पाचेक मरतात. आपल्याकडं? २०२० साली ईलाइफ नावाच्या शास्त्रीय मासिकात भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास छापून आला, २००० ते २०१९ या वीस वर्षांचा. १२ लाख मृत्यू. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळजवळ सगळे खेड्यातले, निम्मे जून ते सप्टेंबरमधले, आणि चारात तीन माणसं दवाखान्याबाहेर गेलेली. हा शेवटचा आकडा परत वाचा. ही माणसं घरात, शेतात, वाटेत, देवळात मंत्र घालून घेताना गेली.

आता बंदुकीचं. बंदूक चालवायची तर साप आधी दिसायला पाहिजे. आपल्याकडं माणसं मरतात ती साप न दिसल्यामुळं. एवढी एक गोष्ट त्या मेसेजवाल्याला कळली असती तर त्यानं तो लिहिलाच नसता.

मण्यार घ्या. ती रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. चावलेलं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही, दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, ओव्याचं पाणी देतात, आणि तासाभरात त्याच्या पापण्या खाली यायला लागतात, थुंकी गिळता येत नाही. या माणसाच्या उशाला कुठली बंदूक ठेवायची ते सांगा मला. त्याला मच्छरदाणी पाहिजे होती, गादीखाली नीट खोचलेली. कॉट आणि मच्छरदाणी, एवढंच. ऊसतोडीला येणारी माणसं चार-पाच महिने खोपीत भुईवर लेकरं घेऊन झोपतात, त्यांना पण कुणी वाटायचीच तर मच्छरदाणी वाटा.

घोणस घ्या. ती उसाच्या वाळल्या पाचटात वेटोळं घालून पडलेली असते, रंगानं पाचटासारखीच. गडी रात्री दोनला मोटर चालू करून पाणी पाजायला सरीत उतरतो, अनवाणी, मोबाईलच्या उजेडात, आणि पाय पडतो. ती जोरात फुसकारते हे खरं, पण पाटाच्या पाण्याच्या आवाजात ते ऐकू येत नाही. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ ला कोल्हापुरात शेतकरी रस्त्यावर बसले होते, तेव्हा शहरातले लोक म्हणायचे रात्री मिळाली तर काय बिघडतं. हे बिघडतं. खांद्याला बंदूक अडकवून कोण पाणी पाजतंय?

एअरगनला परवाना लागत नाही हे मात्र बरोबर आहे. ०.१७७ इंच नळीची आणि गोळीचा जोर २० ज्यूलच्या आत असेल तर नाही लागत. पण तिच्या गोळीचं वजन अर्धा ग्रॅमच्या आसपास, आणि नागाचं डोकं दोन बोटं रुंद, तेही डुलतंय. साधी एअरगन असली तर एक गोळी झाडली की नळी खाली दुमडून परत भरायची. धरायला दोन्ही हात लागतात, मग बॅटरी कुणी धरायची, मामींनी? म्हणजे एकाऐवजी दोन माणसं सापाजवळ उभी केली. नेम चुकला किंवा अंगाला लागला की जखमी साप वैरणीच्या गंजीत शिरणार, आणि सकाळी त्याच गंजीत हात कोण घालणार? मामीच की.

बारा बोअरनं साप मरतो का, तर मरतो. दहा-बारा फुटांवर बारीक छर्रा टीचभर पसरतो, त्यात साप सुटायचा नाही, हे मान्य करते. पण साप निघतो कुठं ते पण बघा. गव्हाणीखाली, सिलेंडरच्या मागं, न्हाणीच्या मोरीत, दगडी जोत्याच्या फटीत. तिथं म्हशीच्या पायापाशी बार काढणार? काळ्या दगडावर नाहीतर कोब्यावर छर्रा आपटला की उलटा येतो, आणि गोठ्याच्या दारात पोरं तमाशा बघायला उभी असतात.

पंधरा दिवसात परवाना हे तर सरळ खोटं. जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण, आणि एवढं करून मिळेलच असं नाही. मिळाला तरी निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, तो डुकरं पीक खातात म्हणून. साप पीक खात नाही, पिकातले उंदीर खातो. आणि कुणी गावठी घेऊन ठेवायच्या विचारात असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला कमीत कमी दोन वर्षं आहेत.

'साप मारणं गुन्हा नाही' यात अर्धं खरं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ११, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा धरत नाहीत. पण साप ओढ्याकडं निघालाय आणि तुम्ही मागं बंदूक घेऊन पळताय, याला जीव वाचवणं म्हणत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामणसुद्धा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, तीन ते सात वर्षं शिक्षा. आणि मारले जातात ते बऱ्याचदा बिनविषारीच. कवड्याला मण्यार समजून मारतात. कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक असतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचं उलटं, तिचे पांढरे पट्टे शेपटीकडं स्पष्ट असतात. हे घाबरलेल्या माणसाला बॅटरीच्या उजेडात दिसत नाही, म्हणून तर म्हणते बंदूक नको. डुरक्या घोणस बिचारा मातीत तोंड खुपसून पडलेला असतो, त्याला पण घोणस म्हणून ठेचतात.

जोडीदार बदला घेतो या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. एका जागी दोन साप दिसले तर तिथं उंदीर आहेत, नाहीतर लपायला जागा आहे. वैरण आणि शेणी घरापासून लांब रचा.

आता तो मुद्दा ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं. 'आधी साप मारा आणि दवाखान्यात न्या.'

गेल्या पावसाळ्यात एक चाळिशीतला माणूस आणला, घोट्याच्या वर चावलेलं. बरोबर भाऊ आणि दोन शेजारी, आणि युरियाच्या पोत्यात मेलेला साप. चावलं संध्याकाळी सातला, आमच्याकडं पोचले पावणेदहाला. गाव तिथनं अर्ध्या तासावर. मधला वेळ कुठं गेला विचारलं तर उसात साप शोधत होते, बॅटऱ्या घेऊन, सहा-सात माणसं, कारण 'डॉक्टर मागतात'. पेशंटला तेवढा वेळ बांधावर बसवून ठेवलेला, शिवाय पाय दोरीनं करकचून आवळलेला. आणि सापाचं डोकं इतकं ठेचलेलं की त्यावरनं कुणाला काहीच सांगता आलं नसतं. पण मुद्दा तो नाहीच. डॉक्टरांनी ते पोतं उघडलंसुद्धा नाही.

कारण आपल्याकडं सापाच्या विषावर जी लस मिळते ती एकच आहे, आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालते. घोड्याच्या शरीरात या चौघांचं विष थोडं थोडं सोडून तयार होते. कुठला साप, हे ठरवून वेगळं इंजेक्शन द्यायचं असा प्रकारच नाही. डॉक्टर बघतात ती लक्षणं, आणि माझ्याकडं येते ती एक टेस्ट. कोरडी स्वच्छ काचेची नळी, त्यात दोन मिली रक्त, आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, हलवायचं नाही. वीस मिनिटांनी हळूच आडवी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ते जागचं हलत नाही. त्या रात्री मी नळी कलती केली आणि रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. घोणसचं विष असंच करतं, रक्त गोठणं बंद होतं आणि मग मूत्रपिंडं जातात. लस लगेच लावली, दहा बाटल्यांनी सुरुवात. लहान पोराला पण तेवढ्याच लागतात, कारण सापानं विष माणसाच्या वजनाप्रमाणं सोडलेलं नसतं. नंतर त्याला कोल्हापूरच्या सीपीआर या मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं, डायलिसिस करावं लागलं. वाचला तो. त्याचा भाऊ व्हरांड्यात बसून मला परत परत विचारत होता, "मॅडम, साप आणला ते बरं केलं न्हवं?" मला त्याला काही बोलवेना. त्यानं जीव धोक्यात घालून आणला होता.

म्हणून हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. त्यात बंदूक घातली तर आणखी वाईट, कारण हातात बंदूक आहे म्हटल्यावर माणूस आणखी आत उसात जाईल, आणखी अर्धा तास घालवेल. आणि मेलेला साप पण चावतो, तुटलेलं मुंडकं बऱ्याच वेळानंतर तोंड मिटतं, हातात धरून फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. साप नीट दिसला तर लांबनं मोबाईलवर फोटो घ्या, नाही जमलं तर सोडा. अंगठी, जोडवी, बांगड्या काढा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, दोरी नको, ब्लेड नको, चोखणं नको. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ लावा, आणि गाडी घरात असेल तर ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका.

साप घरात दिसला आणि कुणाला चावलेला नसेल तर एक माणूस लांबनं नजर ठेवून उभा करा आणि सर्पमित्राला बोलवा, वनखात्याचा १९२६ नंबर आहे. तो येईपर्यंत पोरं आणि कुत्री आत कोंडा.

मेसेजमध्ये एका ओळीत 'उंच बूट घाला, टॉर्च वापरा' असंही लिहिलंय, पार तळाला. तेवढी ओळ चांगली आहे. तीच वर घालून बाकीचं सगळं पुसलं असतं तर मी स्वतः सगळ्या ग्रुपवर पाठवला असता.

मामा, एअरगनला बाजूला काढलेले पैसे तसेच ठेवा. रविवारी येते तेव्हा तुमच्यासाठी नऊ नंबरचे गमबूट, डोक्याला बांधायची बॅटरी आणि दोन मच्छरदाण्या घेऊन येते. मामींच्या पायाचा नंबर तेवढा कळवा, त्या पण पाणी पाजायला जातात.