मग लाजला

परवा भट्टी उघडली आणि माझा पांढरा मग एका गालावर गुलाबी निघाला. एकाच. कुणीतरी कानाखाली द्यावी आणि रंग उतरायच्या आत फोटो काढावा, तसा.

पांढरा हा शब्द मी इथे सहज लिहिला, पण त्यामागे अकरा टेस्ट टाइल आहेत, म्हणजे आधी भाजून बघायचे मातीचे छोटे तुकडे. ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावरचा चकचकीत थर, शेवटी काचच; तिला अपारदर्शक पांढरं करायला मी टिन ऑक्साइड घालत होते. ४ टक्क्यांना मातीचा रंग खालून डोकावत होता, ६ टक्क्यांना पांढरा 'बघतो, सांगतो' म्हणत होता, ८ टक्क्यांना एकदाचा बसला. टिन महाग असतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, झिरकॉन वापर, स्वस्त पडतं. पण झिरकॉनचा पांढरा मला बाथरूममधल्या बेसिनची आठवण करून देतो, म्हणून मी ऐकलं नाही. झिरकॉनचं पांढरं क्रोमला भुलून असं गुलाबी होत नाही, हे मला भट्टी उघडल्यावर सांगण्यात आलं. चौघांकडून, वेगवेगळं.

तर क्रोम. हिरव्या रंगासाठी ग्लेझमध्ये क्रोम ऑक्साइड घालतात. आमची सगळ्यांची भट्टी १२२० अंशांपर्यंत जाते, आणि एवढ्या तापात क्रोम थोडं उडतं. उडून निमूटपणे कुठेतरी जाईल, तर नाही. शेजारी टिन दिसलं की त्याच्यावर बसतं आणि गुलाबी होतं. माझ्या शेजारी काकांचा हिरवा मग होता. दोन बोटांचंही अंतर नव्हतं.

काका निवृत्त ऑडिटर आहेत. हे आधी सांगायला हवं होतं.

"काका, तुमच्या मगात क्रोम होतं का?"

"हिरवं होतं."

"हिरवं तांब्यानेही होतं, क्रोमनेही होतं."

"माझं छान हिरवं होतं."

नोंदवहीत 'ग्लेझमध्ये काय आहे' असा एक स्वतंत्र रकाना आहे. तो मीच आखलाय, पट्टीने. त्यात काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मग'.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. काकांनी चष्मा पुसला, माझा मग उजेडात धरला, फिरवला, मग स्वतःचा मग धरला, तोही फिरवला.

"म्हणजे माझ्या मगातून निघालं आणि तुझ्या मगावर बसलं?"

"हो."

"माझ्याकडचं कमी झालं?"

"अगदी किंचित."

"किंचित का असेना, झालं ना? आणि तुझ्याकडे आलं?"

"आलं म्हणजे काका, मी बोलावलं नव्हतं."

"ते नंतर. आलं की नाही?"

"आलं."

"घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा," काका म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी खरोखर एका चिठ्ठीवर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे माझं नाव, उजवीकडे त्यांचं. "तू मला देणं लागतेस."

"काका, मला गुलाबी नको होता!"

"नको असलेला माल परत करायचा असतो, बाळा. ठेवून घेतला तर स्वीकारला असं धरतात. कर परत."

क्रोम परत कसं करायचं, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही. मी गप्प बसले. गप्प बसणं हीसुद्धा संमती असते, असं काकांनी जाता जाता सांगितलं.

भट्टीसमोर अन्याय झाल्याची दाद कुठे मागायची, हा माझा जुना प्रश्न आहे. मुळात ग्लेझ हे प्रकरणच खोटारडं. कोबाल्ट कार्बोनेटची पूड जांभळट गुलाबी दिसते आणि भट्टीतून गडद निळी होऊन येते. लोखंड १ टक्का घातलं तर एक स्वभाव, १० टक्के घातलं तर दुसराच माणूस. बादलीत दिसतं ते कधीच मिळत नाही आणि ३ सेकंद बुडवायचं ते ५ सेकंद झालं की ग्लेझ ओघळून मग शेल्फला चिकटतो. तो छिन्नीने कोण सुटा करतं? मी. गेल्या महिन्यातही मीच केला, तोही दुसऱ्या कुणाचा, कारण 'तुझा हात हलका आहे'. हात हलका नाही. मी फक्त नाही म्हणायला उशीर करते. आणि नोंदवही भरायची म्हटलं की सगळ्यांचे हात एकदम मातीचे असतात.

पण खरं सांगू का, राग गुलाबीचा नव्हताच. राग आला तो नंतरच्या कौतुकाचा. "अय्या, लाजलाय!" म्हणत सगळ्या जणी जमल्या, आणि श्रेय गेलं काकांना. अकरा टाइल माझ्या, टिन माझं, आणि काका "अंतर महत्त्वाचं असतं, फार जवळ नको, फार लांब नको" असं समजावतायत! तासाभरापूर्वी या माणसाला क्रोम हे मोटारसायकलला असतं एवढंच ठाऊक होतं. पुढच्या भट्टीसाठी तिघींनी त्यांच्या हिरव्या मगाशेजारची जागा मागून घेतली. पांढऱ्यासाठी माझं ग्लेझ वापरणार होत्या. मला न विचारता.

मी माझा नवा मग सगळ्यात खालच्या शेल्फवर, पार कोपऱ्यात ठेवला आणि मध्ये भट्टीच्या दोन विटा उभ्या केल्या. नोंदवहीत लिहिलं, 'क्रोमवाल्यांनी इकडे फिरकू नये'.

काल उघडली. वरती तीन मग सुरेख लाजलेले. माझा खालचा पांढराशुभ्र, गुलाबीचा लवलेश नाही, आणि अंगभर सुईच्या टोकाएवढी भोकं. मातीतून वायू निघाला, ग्लेझला बुजायला वेळ मिळाला नाही.

काकांनी मग उजेडात धरला, फिरवला, आणि चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"यात माझं काही येणं नाही हं," म्हणाले. "मागचं मात्र बाकी आहे."